चौदा बायका, दोन वाट्या तारली आणि समुद्र : बेळगावातनं कुठल्या किनाऱ्याला जावं?

शहापूरकर_वैनी
नमस्कार मंडळी. आमची शहापुरातली भिशी आहे, १४ जणी, सात वर्षं झाली चालू. दरवर्षी भिशी संपली की सौंदत्तीला नाहीतर जोतिबाला जाऊन येतो. यंदा सगळ्यांनी एका तोंडानं सांगितलंय, देव खूप झाले, आता समुद्र बघायचा. त्यातल्या सहा जणींनी अजून समुद्र बघितलेलाच नाही ओ, बेळगावापासून तीन-चार तासावर असून! घरात विणायचे माग, पोरं, सासू-सासरे, कोण नेणार. माझ्या थोरल्या जाऊबाई ६१ वर्षांच्या, लग्न होऊन आल्यापासनं मागाच्या सुताच्या कांड्या भरतात, त्यांनी नातवाच्या मोबाईलवर बनाना राइड, म्हणजे होडीच्या मागनं ओढतात ती केळ्यासारखी रबरी नाव, बघितलीय आणि तेच डोक्यात घेऊन बसल्यात.

तर मला तीन गोष्टी पायजेत. वाळूत निवांत चालायला मिळावं, ज्यांना हौस आहे त्यांना पाण्यातले खेळ करता यावेत आणि घरनं नेलेलं जेवण सावलीत बसून खाता यावं. बाथरूमची सोय बायकांसारखी पायजे, हे पहिलं. शिवरात्रीच्या अलीकडचा रविवार धरलाय. त्याच्या आधीच्या रविवारी संकष्टी, निम्म्या जणी उपाशी. जाणकारांनी सांगा, कुठं जाऊ?

खानापूरचा_पावणा
गोवा वैनी गोवा. जांबोटी, कणकुंबी, चोर्ला घाट, साखळी, पणजी. पहाटे पाचला निघालं तर नऊ वाजायच्या आत किनाऱ्यावर. कणकुंबीत मलप्रभेच्या उगमाला पाया पडायचं, म्हणजे देव पण झाला आणि समुद्र पण झाला. कळंगुट-बागाला खेळ म्हणाल तितके आहेत.

कॅम्प_कट्टा
कारवारला जावा की. जून २०२३ पासनं शक्ती योजनेत बायकांना कर्नाटकातल्या कर्नाटकात साध्या बसला तिकीट नाही. १४ जणींचं जाणं-येणं फुकट! टागोर बीच गावाला लागूनच आहे, बाजूला आयएनएस चपल युद्धनौकेचं म्युझियम आहे, पोरं असतील तर त्यांना दाखवा. गोव्याला नाहीतर मालवणला गेलात तर भाडंच किती होईल बगा.

शहापूरकर_वैनी
@कॅम्प_कट्टा दादा, फुकट बस बरी आहे खरं १४ जणी, तीन डबे, एक पातेलं आणि दोन पाण्याचे कॅन घेऊन बसमध्ये एका ठिकाणी जागा मिळणार काय? एक पुढं, एक मागं, एक उभी. गप्पा मारायलाच तर निघालोय. गाडी करायची हे ठरलंय.

@खानापूरचा_पावणा कळंगुटला मी गेलते एकदा पावण्यांच्या बरोबर. गर्दी इतकी की बसायला जागा शोधून शोधून थकलो. आमच्या बायका साडीवाल्या, तिथं त्यांना अवघडल्यासारखं होईल असं वाटतंय.

खानापूरचा_पावणा
मग केरीला जावा, तेरेखोलच्या खाडीजवळ, सुरूची बाग आहे. कळंगुट म्हणजे अख्खा गोवा नव्हे.

चंदगडी_काजू
बेळगावकरांचा समुद्र म्हणजे वेंगुर्ला, रस्त्याचं नावच आपण वेंगुर्ला रोड ठेवलंय! हिंडलगा, शिनोळी, पाटणे फाटा, चंदगड, आंबोली, सावंतवाडी. वाटेत आमच्याकडं चहाला थांबा. सागरेश्वरचा किनारा लांबलचक आहे, पाठीमागं सुरूचं बन, चालायला त्याच्यासारखं दुसरं नाही. जवळ वायंगणीला कासवं अंडी घालतात, फेब्रुवारी-मार्चमध्ये नशीब असलं तर पिल्लं समुद्रात सोडताना बघायला मिळतात. बघायचं झालं तर मोबाईलची बॅटरी मारू नका, पिल्लं उजेडाकडं वळतात आणि वाट चुकतात.

निपाणी_बारक्या
आम्ही निपाणीवाले देवगड रोड पकडतो, मुदाळ तिट्टा, राधानगरी, दाजीपूर, फोंडा घाट. कुणकेश्वर म्हणजे देऊळ आणि समुद्र एकाच अंगणात. शिवरात्रीच्या जत्रेला तर काय विचारू नका.

चंदगडी_काजू
@निपाणी_बारक्या बेळगावच्या माणसाला समुद्रासाठी आधी निपाणीला बोलावताय होय? उद्या म्हणशीला कोल्हापूरमार्गे जावा, तांबडा-पांढरा पण होईल.

टिळकवाडी_मास्तर
सगळे गावं सांगू लागलात, वेळ कोणच सांगेना. समुद्राला जाताना आधी पंचांग बघावं. जुन्या लोकांचा हिशोब सोपा आहे: तिथीला पाऊणनं गुणा, भरतीची वेळ येते. चतुर्थी असेल तर चार गुणिले पाऊण म्हणजे तीन, दुपारी तीनला आणि पहाटे तीनला भरती. अष्टमीला सहा वाजता. भरतीनंतर साधारण सहा तासांनी ओहोटी. रोज हे पाऊण-एक तासानं पुढं सरकतं. पुनव-अमावास्येच्या आसपास उधाण, तेव्हा पाणी चढतंही जास्त आणि मागंही लांब जातं.

वैनींनी धरलेला रविवार म्हणजे शिवरात्रीच्या तीन दिवस आधी, वद्य एकादशी. अकरा गुणिले पाऊण, सव्वाआठ. सकाळी सव्वाआठला भरती, दुपारी सव्वादोनला ओहोटी. म्हणजे सकाळभर पाणी मागं मागं जाणार आणि दुपारी कडक ओली वाळू मोकळी होणार. चालायला आणि पाण्यात उतरायला उत्तम दिवस आहे.

शहापूरकर_वैनी
मास्तर!! एकादशी!! मी संकष्टी चुकवली आणि एकादशीत जाऊन पडले. आत्ता जाऊबाईंना सांगितलं तर म्हणतात, "मला म्हाईत होतं की, बोलले असते तर तुमी ट्रीप पुढं ढकलला असता." भिशीत तिघी सोडून सगळ्या एकादशी करतात. समुद्राला जाऊन मासे न खाता यायचं!

वडगावचं_पोरगं
तुम्ही साबुदाणा खावा, मासे आम्हाला पार्सल आणा.

चिवल्याचो_झील
मी मालवणचो. मास्तरांचा गणित बरोबर आसा, फक्त आमच्याकडे त्या वेळेच्या थोडी अगोदरच भरती येता. पण एका गोष्टीत मास्तरांका आडवो येतंय. ओहोटी चालूक बरी, आंघोळीक नाय. पाणी मागे जाता तेव्हा माणसाकय मागे ओढता. पाण्यात उतरूचा तर ओहोटी संपून पाणी चढूक लागला की मग, आणि तेव्हाय गुडघ्याइतक्याच.

दुसरा, तुमका खेळ करूचे आसत तर सकाळीच करा. दुपारनंतर वारो सुटता, पाणी खवळता, होडी आपटत जाता. चिवला बीच बघा. गावातच आसा, खोल वळलेलो किनारो, दरवर्षी हयसर समुद्रात पोहूच्यो स्पर्धा होतत. सकाळी रापण, म्हणजे काठावरसून ओढूचा मोठा जाळा, ओढतत ती बघूक गावतली. तारकर्लीक गर्दी जास्त.

टिळकवाडी_मास्तर
मान्य. मी चालणाऱ्याच्या बाजूनं बोललो, पाण्याचं तुमचंच बरोबर. वैनी, त्यांचं ऐका.

हिंडलगा_७
मला थोडं कडू बोलायचंय, राग मानू नका. एप्रिल २०१७ मध्ये मालवणजवळ वायरीला आपल्या बेळगावच्या इंजिनिअरिंग कॉलेजच्या ग्रुपमधले ८ जण बुडाले. त्या संध्याकाळी शहरात काय वातावरण होतं ते ज्यांनी बघितलंय त्यांना विसरता येत नाही. तरणीताठी माणसं होती ओ. डिसेंबर २०२४ मध्ये मुरुडेश्वरला शाळेच्या सहलीतल्या ४ मुली गेल्या. आपण घाटावरची माणसं, आपल्याला विहीर कळते, नदी कळते, समुद्र कळत नाही. विहिरीचं पाणी जागेवर असतं. समुद्राचं पाणी चालत असतं.

सगळ्यात फसवं काय तर लाटा फुटतात तिथं माणूस घाबरतो आणि मधेच एक पट्टा शांत, गडद दिसतो, तिथं लाट फुटत नाही, तिथं उतरतो. तोच पट्टा वाईट. किनाऱ्यावर आलेलं पाणी तिथनंच परत आत जात असतं, माणसाला घेऊन. सापडलात तर किनाऱ्याकडं तोंड करून झगडायचं नाही, दम संपतो. किनाऱ्याला समांतर, आडवं जायचं, पट्टा संपला की लाटाच बाहेर आणतात. पोहता येत नसेल तर अंग सोडून तरंगत राहायचं आणि हात वर करायचा. आणि बाहेरच्यांनी वाचवायला म्हणून मागनं उडी मारू नये, दोरी, कॅन, काय असेल ते फेकावं.

साडी नेसलेल्या, ६१ वर्षांच्या बाईला बनाना राइडवर बसवणं मला तरी पटत नाही. काठावर बसून बघू दे की.

अनगोळ_सिस्टर
@हिंडलगा_७ काका, पाण्याबद्दल तुम्ही लिहिलंय ते प्रत्येकानं पाठ करावं. खरं शेवटच्या ओळीला माझा विरोध आहे. मी वीस वर्षं नर्स आहे. ६१ हा आकडा बघून नाही म्हणायचं नसतं, अंगाला काय झालंय ते बघायचं असतं. मणक्याचं, मानेचं दुखणं, नुकतंच ऑपरेशन, गरोदरपण, हृदयाचा त्रास, ताब्यात नसलेलं बीपी, फिट येणं, यातलं काही असेल तर बसायचं नाही, मग वय २१ असू दे. त्यातलं काही नसेल आणि बाईला हौस असेल तर वयाचं नाव सांगून तिला काठावर बसवू नका. आयुष्यभर काठावरच बसवलंय की त्यांना.

साडीचं मात्र तुमचं खरं आहे. साडी भिजली की जड होते, पायात गुंडाळते, पडलं तर उठता येत नाही. जी पाण्यात जाणार तिनं पंजाबी ड्रेस घालायचा, ओढणी गाडीत ठेवायची. मंगळसूत्र, कानातलं काढून एकीच्या पर्समध्ये. आणि जाताना भरपेट खाऊन बसायचं नाही.

शहापूरकर_वैनी
सिस्टर, तुमची पोस्ट जाऊबाईंना वाचून दाखवली. परत वाच म्हणाल्या.

लाटेवरचा_गणू
मी मूळचा खानापूर तालुक्यातला, चार सीझन वॉटर स्पोर्टवर काम केलंय, तेवढं सांगतो.

लाइफ जॅकेट घातल्यावर दुसरीला सांगायचं, खांद्याला धरून वर ओढ. जॅकेट कानापर्यंत आलं तर ढिलं आहे, पाण्यात गेल्यावर ते वर येणार आणि माणूस खाली जाणार. सगळी बकलं टक्क आवाज होईपर्यंत लावायची, खाली मांडीतनं पट्टा असेल तर तोही. फाटलेलं, बकल तुटलेलं जॅकेट दिलं तर सरळ दुसरं मागायचं, लाजायचं नाही. अंगानं भरलेल्या बायकांना छोटं जॅकेट बळंच बसवतात, ते घ्यायचं नाही, मोठं असतं, आत ठेवलेलं असतं.

सगळ्यात महत्त्वाचं, बनाना राइडला शेवटी होडीवाले मुद्दाम वळण मारून सगळ्यांना पाण्यात पाडतात, तोच त्यातला खेळ. पोरांना आवडतं. तुम्ही आधीच सांगायचं, "पाडायचं नाही", होडी चालवणाऱ्यालाच सांगायचं, पैसे घेणाऱ्याला नव्हे. तो पैसे घेतो आणि विसरतो.

पॅराशूट, जेट स्की पहिल्याच वेळी नको. स्कुबा करायचं असेल कुणाला तर सर्दी असताना करू नका, कान दुखतात, खाली जाताना नाक दाबून हळूच फुंकून कानातला दाब सारखा करावा लागतो. आणि लक्षात ठेवा, महाराष्ट्रात २६ मे ते ३१ ऑगस्ट हे सगळं बंद असतं. तेव्हा कोण चोरून नेतो म्हणाला तर त्याच्याकडं जायचंच नाही.

कॅम्प_कट्टा
कारवारचं कोणच ऐकेना. फुकट होतं ओ.

चिकोडीकर
जेवणाचं कोण बोलू लागलंय का? समुद्राची सहल म्हणजे जेवण. आमच्या घरात ठरलेलं, दशम्या, शेंगदाण्याची चटणी, दहीबुत्ती म्हणजे दहीभात, आणि आंब्याचं लोणचं. दशमी दुधातली असली तर दुसऱ्या दिवशी पण मऊ राहते. झुणका उन्हात आंबतो, नेऊ नका.

शहापूरकर_वैनी
@चिकोडीकर दादा एकादशी! दहीबुत्ती फक्त तिघींना. बाकीच्यांना साबुदाण्याची खिचडी, बटाट्याची भाजी, रताळी, राजगिऱ्याचे लाडू. १४ जणींना दोन स्वयंपाक.

चिकोडीकर
मग खिचडीत दाण्याचं कूट सढळ घाला आणि दोन वाट्या जास्त करा, वाळूत भूक दुप्पट लागते. अजून एक. वाळूवर चादर टाकली की चार कोपऱ्यांना चपला ठेवायच्या नाहीत, ओली वाळू भरून पिशव्या ठेवायच्या, वाऱ्यानं चादर उठत नाही. कचऱ्याला वेगळं पोतं न्या आणि ते पोतं परत आणा. मागच्या वर्षी एका किनाऱ्यावर केए-२२ पाटीच्या गाडीतल्यांनी पत्रावळ्या आणि बाटल्या तिथंच टाकलेल्या बघितल्या, आपल्या गावाची पाटी बघून मान खाली गेली. आमच्या पोरांनी उचलल्या. गोव्यात २०१९ पासनं किनाऱ्यावर स्वयंपाक करणं, दारू पिणं याला दंड आहे, २०१९ ला ठरला तेव्हा एकट्याला २ हजार, ग्रुपला १० हजार होता. दंड नसला तरी करायचं नसतं खरं.

अनगोळ_सिस्टर
अगदी. फुटलेल्या बाटलीची काच वाळूत दिसत नाही, पायात भरल्यावर कळते.

सदाशिवनगर_गुडघे
चालण्याबद्दल थोडं. मला गुडघ्याचा त्रास आहे, डॉक्टरांनी सांगितलेलं लिहितो. कोरड्या मऊ वाळूत पाय रुततो, तिथं चालणं म्हणजे चढ चढल्यासारखं, दहा मिनिटांत पोटऱ्या भरतात. पाण्याजवळची ओली कडक वाळू बरी, तिला थोडा उतार असतो म्हणून एक पाय वर एक पाय खाली पडतो. जेवढं जाल तेवढंच उलट परत या, म्हणजे दोन्ही गुडघ्यांवर सारखं पडतं. अकरानंतर कोरडी वाळू तव्यासारखी तापते, चपला हातात घेऊन लांब जाऊ नका. मी गेलो होतो एकदा, परत येताना पाय उचलून उचलून टाकत आलो.

वडगावचं_पोरगं
गुडघे काका, तुमचं नाव आवडलं.

चंदगडी_काजू
उन्हाळ्याच्या तोंडाला कधी कधी वाळूत डांबराचे काळे गोळे येतात, जहाजांच्या तेलाचे. पायाला चिकटले तर साबणानं जात नाहीत, खोबरेल तेल चोळायचं, लगेच निघतात. पिशवीत छोटी बाटली असू दे.

शहापूरकर_वैनी
मंडळी, ठरलं. वाचून वाचून वही भरली. मालवण, चिवला बीच. एका दिवसात जाऊन येणं जमणार नाही, म्हणून शनिवारी पोरांची शाळा सुटली की निघायचं, आमच्यातल्या एकीची बहीण सावंतवाडीला दिलीय, तिच्याकडं रात्री मुक्काम, रविवारी पहाटे मालवण. पिवळ्या पाटीचा टेंपो ट्रॅव्हलर केलाय, महाराष्ट्राचं परमिट आहे का ते आधी बघून घेतलं. पाण्याला नियम केलाय, गुडघ्याच्या वर पाणी नाही, तिघी-तिघींनी हात धरूनच उतरायचं आणि दोघी कायम काठावर उभ्या राहून मोजत राहायचं.

@हिंडलगा_७ काका, जाऊबाई बसणार. बीपी बघून घेतलंय, सिस्टरनी सांगितलं तसं.

हिंडलगा_७
बसू द्या. पाडायचं नाही तेवढं सांगा. आल्यावर लिहा, वाट बघतो.

चिवल्याचो_झील
येवा. समुद्र आपलोच आसा.

शहापूरकर_वैनी (सोमवार रात्री)
आलो सुखरूप. सगळ्या १४.

शनिवारी आंबोलीत चहा झाला, सावंतवाडीत मोती तलावाला एक फेरी मारली आणि बहिणीच्या हॉलमध्ये सतरंज्या टाकून झोपलो. झोपलो कुठलं, दोन वाजेपर्यंत बोलणंच संपेना. पहाटे सहाला निघून आठला चिवल्यावर.

माडांच्या मागनं गाडी वळली आणि एकदम समोर. कोण काय बोलेना. आमच्यातली एक, जिनं राकसकोपचं धरण सोडून मोठं पाणी बघितलं नव्हतं, ती म्हणाली, "वैनी, पलीकडचा काठ कुठाय?" मी म्हणाले नाही दिसत. तर म्हणाली, "नाही दिसत का नाहीच?" तिला घेऊन पाण्यात उभी राहिले, घोट्याएवढं. लाट आली, गेली, आणि जाताना टाचेखालची वाळू ओढून नेली, माहीत आहे ना कसं होतं ते, पाय आपोआप खाली जातो. ती इतकी दचकली की माझा हात दाबून धरला, माझी बांगडी वाढवली. मग हसायला लागली ते थांबेना. पुढं तासभर ती एवढंच करत होती, उभं राहायचं आणि वाळू सरकू द्यायची.

रापण चालली होती. दोन्हीकडनं दोर धरून माणसं मागं मागं सरकत ओढत होती, लय धरून. आम्ही बघत उभ्या, तर एक म्हातारे काका म्हणाले, बघता काय, धरा. सात-आठ जणी लागलो. तळहात लाल झाले. जाळं वर आलं तेव्हा आत चांदीसारखी तारली उड्या मारत होती, त्यात चार बांगडे, एक-दोन खेकडे.

आणि मग जे झालं ते मला लिहायचंच होतं. काका फाटलेलं जाळं मांडीवर घेऊन बसले, शिवायला. जाऊबाई जवळ जाऊन बसल्या. दोऱ्याला गाठ मारताना बघितलं आणि म्हणाल्या, "थांबा, परत मारा." त्यांनी परत मारली. जाऊबाईंनी कमरेचं जुनं सूत काढलं, त्यांना सवय आहे खोचून ठेवायची, आणि दोन टोकं घेऊन डाव्या हाताच्या दोन बोटांत तीच गाठ मारून दाखवली, डोळ्याचं पातं लवायच्या आत. मागावर सूत तुटलं की जोडायला आम्ही मारतो तीच गाठ ओ! बारीक बसते, सुटत नाही. काकांनी हातात घेऊन ओढून बघितली आणि विचारलं, "कोणी शिकवल्यान?" जाऊबाई म्हणाल्या, "सासूनं." काका म्हणाले, "माका बापाशीन." दोघंही कितीतरी वेळ गाठीच बघत बसले, ह्यांची मालवणी त्यांना कळेना आणि त्यांची बेळगावी ह्यांना, खरं गाठीत काय अडलं नाही.

राइडला पाच जणी बसलो. जॅकेट खांद्याला धरून ओढून बघितलं, माझं कानापर्यंत आलं, बदलून मोठं घेतलं. होडी चालवणाऱ्या पोराला जाऊबाईंनीच सांगितलं, "बाळा, पाडू नको." तो म्हणाला, "नाय पाडूचंय, आवशी." होडीनं वेग धरला तसं पाणी तोंडावर आपटायला लागलं, मी डोळे मिटून देवाचं नाव घेत होते, मागनं जाऊबाई जात्यावरची ओवी म्हणू लागल्या मोठ्यानं! उतरल्यावर विचारलं कसं वाटलं, तर म्हणाल्या, "आवाज कसा, माग चालू असल्यागत." आणि पदर नव्हता म्हणून ओढणी शोधत होत्या तोंड पुसायला.

मग ओहोटीच्या कडक वाळूनं लांब चालून आलो, गुडघे काका, जेवढं गेलो तेवढंच परत. तिकडच्या कातळात साठलेल्या पाण्यात बोटाएवढे मासे आणि शंखात शिरलेले खेकडे बघितले. सावलीत खिचडी, रताळी. दोन वाट्या जास्तची पण संपली, @चिकोडीकर. तीननंतर पाणी चढायला लागलं तेव्हा तिघी-तिघी उतरलो, गुडघ्यापर्यंतच. एकदा एका बाजूला लाट न फुटणारा शांत पट्टा दिसला, मी बोट दाखवून सगळ्यांना दाखवला, हिंडलगा काकांनी लिहिलेला तो हाच. त्या बाजूला कोण गेलं नाही. बाथरूम सकाळी स्वच्छ होतं, दुपारपर्यंत पाणी संपलं होतं, हे तेवढं लक्षात ठेवा, जाणाऱ्यांनी सकाळीच कपडे बदलायचं उरकून घ्या.

हिंडलगा_७
वाचून बरं वाटलं. जाऊबाईंना माझा नमस्कार सांगा, आणि मी काठावर बसा म्हणालो होतो ते मागं घेतो.

टिळकवाडी_मास्तर
भरती सव्वाआठलाच आली काय?

शहापूरकर_वैनी
थोडी आधी, मास्तर. झील म्हणाले तसंच.

वडगावचं_पोरगं
ते सगळं राहू दे, मासे कुठायत? रापण ओढली म्हणजे वाटा मिळाला असणार.

शहापूरकर_वैनी
मिळाला की, काकांनी आग्रहानं दोन वाट्या तारली दिली, नको म्हणवेना. बर्फात घालून आणली. रविवार एकादशी. आज सोमवार, आमच्यात खात नाहीत. उद्या मंगळवार, चौघींचा अंबाबाईचा उपास. परवा शिवरात्र. शेवटी ड्रायव्हरच्या घरात दिली, त्यांनी आज तळली आणि फोटो पाठवला.

वडगावचं_पोरगं
मी वडगावातच राहतो वैनी. पाच मिनिटांच्या अंतरावर!!

चिवल्याचो_झील
त्या काकांका मी ओळखतंय. सकाळी येऊन सांगत होते, बेळगावसून एक बाय इली होती, तिका जाळ्याची गाठ येता.

कॅम्प_कट्टा
पुढच्या वर्षी कारवार करा. आणि त्या टेंपोवाल्याचा नंबर मला खाजगी निरोपात पाठवा, आमच्या आईच्या भजनी मंडळाला जायचंय, बावीस जणी आहेत.

शहापूरकर_वैनी
करते. आत्ता जाऊबाई कांड्या भरत बसल्यात, त्यांच्या पर्समधनं वाळू पडलीय सगळीकडं, झाडू नको म्हणतात.